संबळाचे विचारायचे राहिले

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गावर अणदूर आणि नळदुर्ग मागे पडले की जळकोट येते. धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यातले हे गाव राजकीय इतिहासाच्या अभ्यासकाला एका तारखेमुळे ठाऊक असते. १३ सप्टेंबर १९४८ रोजी, हैदराबाद संस्थानावरील कारवाईच्या पहिल्याच दिवशी, सोलापूरकडून निघालेले भारतीय सैन्य नळदुर्ग घेऊन याच गावावरून उमरग्याकडे गेले. कलेच्या इतिहासाने मात्र जळकोटची अशी तारीख नोंदवलेली नाही. खरे तर हा सगळा टापू गात्या-मागत्या माणसांच्या पायाखालचा. एका अंगाला तुळजापूरची भवानी. दुसऱ्या अंगाला वर्षातले दहा महिने अणदूरला आणि उरलेला काळ नळदुर्गाच्या मैलारपुरात मुक्काम करणारा खंडोबा. त्यामुळे गोंधळी, आराधी, वाघ्या-मुरळी, पोतराज, हलगीवाले यांची ये-जा येथे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. लोककलावंतांच्या मुलाखतींचा एक छोटा प्रकल्प हाती घेऊन काही वर्षांपूर्वी आम्ही जळकोटला गेलो होतो. प्रश्नावली तयार होती. नाव, वय, जात, शिक्षण, जमीन, घर, मुले काय करतात, वृद्ध कलावंतांचे मानधन मिळते का, शासनाकडून काय अपेक्षा आहेत, असे तीसेक प्रश्न. ओसरीवर बसलेल्या सत्तरीच्या एका गोंधळ्याने तास-दीड तास न कंटाळता सगळी उत्तरे दिली. आम्ही वही मिटली, आभार मानले. तेव्हा ते म्हणाले, "झालं का सर? समदं इचारलं तुमी. जमीन इचारली, लेकरं इचारली, मानधन इचारलं. संबळाचं कायबी इचारलं न्हाई."

आम्ही ओशाळलो. प्रश्नावलीत संबळ होते, नाही असे नाही. 'कोणकोणती वाद्ये वाजवता?' या रकान्यात आम्ही ते लिहून घेतले होते. संबळ, स्वल्पविराम, तुणतुणे, पूर्णविराम. एका माणसाने साठ वर्षे ज्याच्याशी झुंज घेतली त्या वाद्याला आम्ही एक स्वल्पविराम दिला होता.

ही चूक आमची होतीच. पण ती आमच्या एकट्यांची होती काय, हा प्रश्न परतीच्या वाटेवर मनात आला आणि अजून गेलेला नाही. मराठीत कलावंताशी बोलण्याची परंपरा मोठी आहे. त्या परंपरेने कलावंताला नेमके काय विचारले, आणि काय विचारायचे ठेवले, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे. 'स्वतंत्र कलावंत' हा शब्दप्रयोग आज शहरातील, कोणत्याही कंपनीच्या आश्रयाशिवाय स्वतःची गाणी स्वतः करणाऱ्या तरुणांसाठी रूढ झाला आहे. आम्ही तो थोडा मागे नेऊन वापरतो. ज्याच्या पाठीशी दरबार नाही, संस्था नाही, पगारी फड नाही, आणि जो यजमानाच्या सुपारीवर आपली रात्र उभी करतो, तो आमच्या लेखी स्वतंत्र कलावंत होय.

राजाने पाहिले

जळकोटवरून तोच महामार्ग उमरगा ओलांडून कर्नाटकात शिरतो, आणि पुढे जवळच बसवकल्याण आहे. म्हणजे कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. तेथला राजा सोमेश्वर तिसरा (कारकीर्द ११२६ ते ११३८) याचा 'मानसोल्लास' हा ग्रंथ मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे. महाराष्ट्रातील बायका कांडताना ओवी गातात, ही नोंद त्यातलीच. गोंधळाचा विचार करताना आणखी एक हकिकत महत्त्वाची ठरते. तेराव्या शतकातील जायसेनापतीच्या 'नृत्तरत्नावली'त असे सांगितले आहे की, कल्याणीत भूतमातेच्या उत्सवात भिल्ल वेषातल्या एका स्त्रीचे नृत्य सोमेश्वराने पाहिले, ते त्याला आवडले आणि त्याने त्या नृत्याला 'गोंडली' हे नाव देऊन प्रतिष्ठा दिली. या गोंडलीचा आजच्या गोंधळाशी संबंध कसा लावायचा, याविषयी अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. आमचे लक्ष दुसरीकडे जाते. राजाने पाहिले, राजाने नाव दिले, शास्त्रकाराने लक्षणे लिहिली. नाचणारीने काय केले हे आपल्याला कळते. ती ते कशाला काय म्हणत होती, हे कळत नाही. तिला कोणी विचारल्याची नोंद नाही.

पुढच्या आठशे वर्षांच्या व्यवहाराची रीत या पहिल्याच प्रसंगात पडलेली दिसते, असे म्हटले तर ते फार धाडसाचे होणार नाही.

गाणे घेतले, गाणारा राहिला

छापखान्याच्या काळात लोककलांच्या संकलनाचा पहिला मोठा उद्योग १८९१ साली प्रसिद्ध झाला. हॅरी ॲक्वर्थ हा इंग्रज अधिकारी आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी मिळून 'इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे' हा संग्रह काढला. ॲक्वर्थने त्यांतील निवडक पोवाड्यांची इंग्रजी रूपांतरे १८९४ साली स्वतंत्र पुस्तकरूपाने आणली. हे पोवाडे कागदांत दडलेले नव्हते. ते गोंधळ्यांच्या तोंडी होते. लोकांच्या तोंडचे हे धन गोळा झाले नसते तर केवढे नुकसान झाले असते, हे सांगण्याची गरज नाही. पुढे १९२८ साली य. न. केळकरांनी 'ऐतिहासिक पोवाडे' सिद्ध केले, तेव्हा तर टिपा, चर्चा आणि पाठांची छाननी यांनी हे काम शास्त्रशुद्ध पातळीवर गेले.

परंतु या संपादकांची जिज्ञासा कोणती होती? पोवाड्यातील लढाई खरी झाली का, सरदाराचे नाव बरोबर आहे का, शक जुळतो का. गोंधळी हा त्यांच्या दृष्टीने एक बखर होता. जरा अविश्वासू, पण हाती असलेली बखर. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये ओव्या जमवल्या, सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे आयुष्यभर गीते गोळा केली, दुर्गा भागवतांनी १९५६ साली 'लोकसाहित्याची रूपरेषा' लिहून या विषयाला शास्त्राचा पाया दिला. या सर्वांचे ऋण आमच्या पिढीवर आहे. आम्ही वर्गात शिकवतो ते यांच्याच बळावर. तरीही वर्गात आम्ही जे शिकवतो ते शब्द असतात. चाल सुटलेली असते, झील सुटलेली असते, आणि 'या ओळीशी तुम्ही का थांबलात?' असे गाणाऱ्याला विचारण्याची जागाच त्या पानावर नसते.

दुःख विचारले

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलावंत स्वतः बोलू लागले. १९७० साली हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' पुस्तकरूपाने आले. त्यांनी सांगावे आणि अरुण साधूंनी शब्दांकन करावे, असे ते घडले. एका अर्थाने ती मराठीतील कलावंताशी झालेली सर्वांत गाजलेली मुलाखत. श्याम बेनेगल यांचा 'भूमिका' (१९७७) तिच्यावर आधारलेला आहे. शाहीर साबळे यांचे 'माझा पवाडा', वामनदादा कर्डक यांचे 'माझ्या जीवनाचं गाणं' अशी आत्मकथने पुढे आली. कलावंताच्या तोंडून कलावंत कळण्याची ही मोठीच सोय झाली.

पण आपण वाचक म्हणून या पुस्तकांतून काय उचलले? हंसाबाईंचे नाव निघाले की त्यांच्या आयुष्याची होरपळ आठवते. 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७) मध्ये त्यांनी जी अदा उभी केली ती कशी बसवली, हा प्रश्न आपल्या चर्चेत येत नाही. विठाबाई नारायणगावकर (निधन २००२) यांच्याबाबत तर हे अधिकच खरे आहे. खेळ चालू असताना त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही कथा महाराष्ट्रातील शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. ती सांगताना सांगणाऱ्याचा गळा दाटून येतो. मात्र ढोलकीशी त्यांचे नाते काय होते, लावणीतला कोणता शब्द त्या डोळ्यांनी म्हणत आणि कोणता पायाने, बतावणीत समोरचा सोंगाड्या अडला तर त्या त्याला कसे सावरून घेत, हे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना सांगू शकत नाही. राष्ट्रपतींचे पुरस्कार मिळालेल्या कलावतीच्या कलेविषयी आपल्याकडे शब्द थोडे, आणि तिच्या हालांविषयी पुष्कळ, ही गोष्ट आम्हांला अस्वस्थ करते.

येथे एक आक्षेप संभवतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. कलावंताचे दुःख बाजूला सारून त्याच्या कलेविषयी बोलणे ही सुखवस्तू माणसाची चैन नव्हे काय? ज्याची कला जातीने त्याच्या गळ्यात बांधली, ज्याला रात्रभर गाऊन सकाळी उंबऱ्याबाहेरच भाकरी मिळाली, त्याला आपण तालाविषयी विचारायचे? आंबेडकरी जलशांनी आणि शाहिरीने हा प्रश्न निर्वाणीचा करून ठेवला आहे. आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड'मध्ये १९९७ साली रमाबाई नगरातील गोळीबारानंतर जीवन संपवणाऱ्या विलास घोगरे या शाहिराची आठवण आहे. त्यांच्या गाण्याला त्यांच्या वस्तीपासून तोडून पाहणे शक्यच नाही.

आक्षेप आम्हांला मान्य आहे. त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. ज्याचे आपण फक्त हाल विचारतो त्याला आपण फक्त पीडित म्हणून ओळखतो. शहरातल्या कवीला आपण प्रतिमासृष्टी विचारतो, आणि गावच्या गोंधळ्याला रेशनकार्ड. ही विभागणीही जातीचीच आहे. ती अधिक सभ्य असल्यामुळे दिसत नाही इतकेच. शिवाय बिदागी आणि कला या दोन गोष्टी आपण समजतो तितक्या वेगळ्या नसतात. गोंधळ किती लांबवायचा, आख्यान कोठे आवरायचे, हे यजमानाच्या सुपारीवर ठरते. पैशाचा प्रश्न कलेच्या प्रश्नाच्या पोटात आहे, त्याच्याऐवजी नाही.

ज्यांनी वेगळे विचारले

असे विचारता येते, याचा दाखला जगात आहे. १९३३ ते १९३५ या काळात मिल्मन पॅरी हा अमेरिकन अभ्यासक आणि त्याचा विद्यार्थी अल्बर्ट लॉर्ड हे युगोस्लाव्हियात गुस्ले या वाद्यावर वीरगाथा गाणाऱ्यांकडे गेले. होमरची महाकाव्ये कशी रचली गेली असतील, हा त्यांचा मूळ प्रश्न. त्यांनी गाणी मुद्रित केली, आणि गायकांशी झालेली संभाषणेही मुद्रित केली. विशेष म्हणजे बहुतेक प्रश्न विचारणारा त्यांचा सहायक निकोला वुय्नोविच हा स्वतः गायक होता. आव्दो मेजेदोविच या निरक्षर गायकाने १९३५ साली १२ हजारांहून अधिक ओळींची गाथा गायली. देमाईल झोगिच या दुसऱ्या गायकाने सांगितले की, एकदा ऐकलेले गाणे मी शब्दाला शब्द तसेच गातो. प्रत्यक्षात दोन्ही पाठ वेगळे होते. लॉर्डने त्याला खोटे ठरवले नाही. या माणसाच्या लेखी 'शब्द' म्हणजे काय, असा प्रश्न त्याने स्वतःला केला, आणि छापील पुस्तकावर वाढलेल्या आपल्या कल्पनाच त्याने तपासून पाहिल्या. 'द सिंगर ऑफ टेल्स' (१९६०) या ग्रंथाचा कणा या संभाषणांनी बनला आहे.

आपल्याकडेही अशी माणसे झाली. अशोक दा. रानडे यांनी 'लोकसंगीतशास्त्र' लिहिताना लोकसंगीताकडे संगीत म्हणून पाहिले. प्रभाकर मांडे यांनी 'लोकरंगभूमी'त विधी आणि प्रयोग यांची सांगड घातली. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचे जे काम केले त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आल्या. पण आम्हांला त्या आकड्याहून मोलाची वाटते ती ओवीसोबत गाणारीचे आणि तिच्या गावाचे नाव नोंदवण्याची शिस्त. २०१७ पासून 'पारी'ने या ओव्या प्रसिद्ध करायला सुरुवात केली, तेव्हा त्या बायकांचा आवाज आणि त्यांचे म्हणणे दोन्ही ऐकता येऊ लागले. कल्याणीच्या त्या अनामिक नर्तकीपासून येथवर यायला फार दिवस लागले.

पुन्हा जळकोट

आम्ही दुसऱ्यांदा गेलो तेव्हा प्रश्नावली नेली नाही. "मामा, संबळाचं सांगा," एवढेच म्हटले. त्यांनी आत जाऊन संबळ आणले. जोडीतला एक उंच बोलतो, दुसरा खर्जात. हातातल्या दोन काठ्यांपैकी एक टोकाशी वळलेली. ती तशी का, असे विचारल्यावर त्यांनी तोंडाने काही न सांगता आधी सरळ काठीने आणि मग वळलेल्या काठीने तोच घाव वाजवून दाखवला. सरळ काठीचा आवाज तुटत होता. वळलेल्या काठीचा घुमत होता. आमच्या टिपणवहीत उतरवून घेता येणार नाही असे हे उत्तर होते.

मग गोष्टी निघत गेल्या. चौक मांडून दिवटी पेटली की गोंधळाला देवांना बोलावण्याची आवाहने सुरू होतात, हे आम्ही पुस्तकांतून शिकवत आलो होतो. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, अशी यादी. ही यादी पाठ असते, असे आम्ही धरून चाललो होतो. मामा म्हणाले, "घर बघून देव बोलवावं लागतंय." यजमानाचे कुलदैवत कोणते, सून कोणत्या गावाकडची, अंगणात कोण बसले आहे, हे नाईक आधी टिपतो. या भागात अणदूरचा खंडोबा लवकर यावा लागतो. सून कर्नाटकाकडची असेल तर तिच्या माहेरच्या देवालाही हाक जाते, आणि मग ती पदर सावरून पुढे सरकते. ज्याला आम्ही नामावळी समजत होतो ती श्रोत्यांची जुळणी होती.

त्यांनी जांभूळ आख्यान लावले. कर्णाला पाहून द्रौपदीच्या मनात आलेला विचार आणि तो उघडा पाडणारे जांभूळ, ही त्यातली गोष्ट. दुसऱ्या आठवड्यात एका घरी त्यांनी तेच आख्यान केले तेव्हाही आम्ही हजर होतो. वनातला भाग पहिल्यापेक्षा निम्मा झाला होता, आणि झीलकऱ्याने मध्येच विचारलेले दोन खोडकर प्रश्न नवे होते. आम्ही म्हणालो, "मामा, या खेपेला बदललंत." ते जरा दुखावले. "एक अक्षर बदललं न्हाई. वडलांनी दिलं तसंच हाय." आम्हांला झोगिच आठवला. मग आम्ही प्रश्न फिरवला; वन लवकर का संपले? त्यावर मात्र ते लगेच बोलले. "आभाळ भरून आलतं की. बायका लेकरं उचलाय लागल्या. तवा वनात किती हिंडवायचं माणसाला?"

म्हणजे आख्यान तेच, आणि वन त्या रात्रीच्या मापाचे. पाठभेद हा शब्द आम्ही वीस वर्षे शिकवला आहे. हस्तलिखिताच्या लेखनिकाने चूक केली की पाठभेद होतो, असे. आभाळ भरून आल्यामुळेही पाठभेद होतो, हे आम्हांला जळकोटच्या ओसरीवर कळले.

त्यांचा नातू तेथेच होता. आराधी गीते स्वतः रचून तो मोबाईलवर मुद्रित करतो आणि लोकांपर्यंत पोहोचवतो. चाली चित्रपटाच्या का घेतोस, असे आम्ही काहीशा नापसंतीने विचारले. उत्तर आजोबांनी दिले. त्यांच्या वडिलांनी नाटकातल्या चाली घेतल्या होत्या, त्यांनी स्वतः कॅसेटवरच्या घेतल्या. "चाल गावातच असती, आपन तिला देवीम्होरं आणायची." आमच्या नापसंतीला एवढे उत्तर पुरे होते.

थापटण्याची भाषा

कारागिराने कारागिराशी त्याच्याच भाषेत बोलावे, ही रीत या मुलखाला परकी नाही. जळकोटपासून पश्चिमेला सोलापूर. तेथले रामजोशी लावणीकार म्हणून गाजले. मोरोपंतांनी त्यांची रचना ऐकून त्यांना कीर्तनाकडे वळण्याचा सल्ला दिला, अशी आख्यायिका आहे. आपण ती लावणीच्या उद्धाराची कथा म्हणून सांगतो. तिच्याकडे दोन रचनाकारांमधील बोलणे म्हणूनही पाहता येते. बारामतीच्या पंडित कवीला शाहिराच्या यमकांत आपल्या तोलाचा कसब दिसला, हा तिचा गाभा आहे.

आणि याच जिल्ह्यात तेर आहे, गोरोबाकाकांचे गाव. संतांच्या मेळाव्यात कोणाचे मडके कच्चे हे गोरोबाकाकांनी थापटण्याने ठोकून सांगितले, ही कथा आपण भक्तीच्या अंगाने ऐकतो. अध्यापक म्हणून आम्हांला तीत समीक्षेची एक पद्धत दिसते. पारख करण्यासाठी त्यांनी शास्त्राची परिभाषा उसनी आणली नाही. रोजच्या धंद्यातले अवजार उचलले आणि आवाज ऐकला.

आमच्या विद्यापीठीय प्रबंधांत लोककलावंतांच्या मुलाखती परिशिष्टात जातात. तेथे त्यांचे वय, पत्ता आणि अडचणी असतात. झील, संपादणी, बतावणी, चौक, आख्यान लावणे, रंग भरणे, या शब्दांना परिशिष्टात अर्थ दिले जातात. प्रबंधाच्या मुख्य भागात मात्र परिभाषा दुसरीकडून आलेली असते. हे शब्द मुख्य भागात आणून त्यांच्या आधारे एखाद्या प्रयोगाचा विचार करून पाहावा, असे आम्ही आता आमच्या विद्यार्थ्यांना सांगतो. काहींनी सुरुवात केली आहे. त्यांच्या पहिल्या मसुद्यांत चुका पुष्कळ आहेत, पण संबळाविषयी चार-चार पाने आहेत.

मानधनाचा प्रश्नही आम्ही सोडलेला नाही. मामांचा अर्ज भरायला आम्ही मदत केली. अर्जात 'कलेचा तपशील' असा एक रकाना होता, दोन ओळींचा. काय लिहू, असे आम्ही विचारले, तेव्हा त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "संबळ ल्हिवा. बाकीचं त्येंनी इचारलं तर सांगू."